चाळणीखाली काय पडते

गांजाविषयी आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे विष आहे, मुळासकट उपटा. दुसरा म्हणतो, हे निसर्गाने दिलेले झाड आहे, महादेवाला चालते, मग माणसावर एवढा राग कशाला? दोघे एकमेकांशी कडाडून भांडतात, पण दोघांचे गृहीत एकच आहे. प्रश्न झाडाचा आहे, झाड चांगले की वाईट एवढे ठरवले की झाले, असे दोघेही मानतात. मला हे गृहीत उथळ वाटते. ते नुसते उथळ असते तर चर्चेपुरते सोडून देता आले असते. पण त्याच्या भरवशावर विशीतली मुले अशा ठिकाणी पाऊल टाकतात, जिथून परतायला त्यांना दहा वर्षे लागू शकतात. म्हणून ते खोडून काढणे मला निकडीचे वाटते.

माझे म्हणणे असे: खरा प्रश्न त्या झाडातून काय वेगळे काढले आणि ते किती तीव्र झाले, हा आहे. पाला, फुलोरा आणि राळ या तीन निराळ्या वस्तू आहेत. शरीरावर त्यांचा परिणाम निराळा, कायद्यात त्यांची जागा निराळी, आपल्या जुन्या रिवाजातही त्यांच्या पायऱ्या निराळ्या. आणि या तिन्हींमधली सर्वांत मोठी उडी घडते ती चाळताना. झाड छाटल्यावर उरलेला बारीक पाला आणि काडीकचरा जाळीच्या ड्रममध्ये टाकून फिरवायचा, खाली पडणारी पिवळसर भुकटी, म्हणजे कीफ, गोळा करायची, ही परदेशातल्या हौशी लोकांची रीत आता मोबाइलवर कुणालाही पाहता येते. ‘रसायन नाही, भट्टी नाही, नुसते चाळायचे, यात गुन्हा कसला?’ हा तिच्यामागचा युक्तिवाद. तो नीट तपासला तर झाडाभोवती फिरणारा सगळा वाद जागेवर येतो.

१. ड्रमला मोटर लावणे अवघड नाही

पुण्याजवळच्या मावळात, नवलाख उंबऱ्याच्या परिसरातून या प्रश्नाकडे पाहिले की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की, असे यंत्र इथे कुणालाही बनवता येईल. एका अंगाला भातखाचरे, दुसऱ्या अंगाला तळेगावची एमआयडीसी. जनरल मोटर्सने २००८ मध्ये सुरू केलेला आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने घ्यायचा करार केलेला मोटारींचा कारखाना याच पट्ट्यातला. त्याच्या आसऱ्याने वाढलेल्या लहान वर्कशॉपांत पत्रा वाकवणारे, जाळी ताणून बसवणारे, जुन्या मोटरला पट्टा चढवून देणारे हात आहेत. ज्या भागात लोखंडाशी लोकांची इतकी ओळख आहे, तिथे ‘यंत्र मिळणार नाही’ यावर कुठलेही धोरण उभे राहू शकत नाही.

चाळण्याचे तत्त्वही मावळच्या शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये दिलेले इंद्रायणी वाणाचे भात ज्या गिरणीत भरडतात, तिथे घटकाभर उभे राहून पाहावे. भात वरून आत पडते. तूस उडून मागच्या ढिगावर जाते. कोंडा वेगळ्या पोत्यात उतरतो. हलत्या चाळणीवरून अख्खा दाणा पुढे सरकतो आणि कणी छिद्रांतून गळून खाली साचते. गिरणीने यातले काहीच निर्माण केलेले नसते. भातात जे एकत्र होते तेच तिने सुटे केले. तरी तांदूळ आणि कोंडा या एकच वस्तू आहेत असे कुणी म्हणत नाही, आणि त्या एका भावाने कुणी विकतही नाही.

गांजाच्या झाडातही हेच घडते, फक्त फार लहान मापावर. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर आणि त्याला लागून असलेल्या बारीक पानांवर देठाच्या टोकाला गोल डोके असलेल्या सूक्ष्म ग्रंथी असतात. ते डोके साधारण ५० ते १०० मायक्रॉनचे, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. नशा आणणारे द्रव्य, टीएचसी, मुख्यतः याच डोक्यांतल्या राळेत असते. १९६४ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशूलम आणि येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले, तेव्हा या झाडाची ताकद नेमकी कुठून येते हे रसायनशास्त्राला कळले. पानाचा, देठाचा, काडीचा बाकी सगळा भाग हा या ग्रंथींचा निव्वळ भारवाहक आहे. चाळणी तो भार वर ठेवते आणि ताकद खाली सोडते. लेबनॉन, मोरोक्को, अफगाणिस्तानात चरस पिढ्यान्‌पिढ्या असाच चाळून होतो. कुलूच्या मलाणा खोऱ्यात तो तळहातावर चोळून काढतात. हात असो की जाळी, काम एकच: राळ झाडापासून सुटी करणे.

इथून माझ्या युक्तिवादाची पहिली पायरी निघते. साधन इतके साधे आणि सार्वत्रिक असेल तर रेघ साधनावर आखता येत नाही. ती साधनातून काय बाहेर पडते त्यावरच आखावी लागते. ‘नुसती चाळणी आहे’ हे वाक्य खरे असूनही निरर्थक ठरते ते यामुळे.

२. कायदा नेमका कुठे उभा आहे

अमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो झाडावर रागावलेला कायदा आहे अशी सर्वसाधारण समजूत. परवान्याशिवाय झाड लावणे गुन्हा आहे, त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे खरे. पण कायद्याच्या व्याख्या शांतपणे वाचल्या की त्यात झाडाचे भाग केलेले दिसतात. गांजा म्हणजे झाडाचे फुललेले किंवा फळलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत. चरस म्हणजे झाडापासून वेगळी केलेली राळ, मग ती कच्ची असो वा शुद्ध केलेली, कोणत्याही स्वरूपातली. ही विभागणी १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातून आली आहे. भांगेचा पाला केंद्रीय कायद्यातून सुटतो तो या वगळण्यामुळे. महाराष्ट्रात मात्र भांगेवर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे, हे विसरू नये.

आता छाटणीचा पाला घेऊन ड्रम फिरवणाऱ्याची जागा पाहा. तो म्हणेल, माझ्याकडे शेंडे नाहीत, नुसता पाला आहे, आणि पाला म्हणजे गांजा नव्हे. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका जामीन प्रकरणात शेंड्यांशिवायची पाने गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत हे अधोरेखित केले. तेव्हा त्याचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण ड्रम फिरायला लागताच तो मुद्दा संपतो. जाळीखाली पडलेली भुकटी ही वेगळी केलेली राळ आहे, म्हणजे सरळ चरस. ज्या पाल्यावर निदान वाद घालता आला असता, त्यातून निघालेल्या भुकटीवर वाद घालायला जागाच उरत नाही. कायद्यात ‘उत्पादन’ या शब्दाचा अर्थच मुळी झाडापासून पदार्थ वेगळा करणे असा दिलेला आहे. ‘रसायन नाही म्हणून निर्मिती नाही’ हा बचाव तिथे उभाच राहत नाही.

प्रमाणांचा तक्ता तर अधिक बोलका आहे. १९ ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेनुसार गांजाचे लहान प्रमाण १००० ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी प्रमाण २० किलोच्या वर. चरसाचे लहान प्रमाण १०० ग्रॅमपर्यंत आणि व्यापारी प्रमाण १ किलोच्या वर. म्हणजे खालच्या पायरीवर राळ दहापट जड धरली आहे, वरच्या पायरीवर वीसपट. लहान प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, शिवाय एक ते दोन लाख दंड. व्यापारी प्रमाणाला कलम ३७ लागते आणि जामीन जवळजवळ बंद होतो.

आता हिशेब करू. कुणाकडे १५ किलो गांजा आहे असे धरा. तो व्यापारी प्रमाणाच्या खाली आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, न्यायाधीशाला कमी करण्याची मुभा. त्याने तो चाळला आणि एकदशांश भुकटी पडली असे धरले तर हातात दीड किलो चरस. मालात बाहेरून काहीच मिसळले नाही, वजन उलट नव्वद टक्क्यांनी घटले, आणि दहा वर्षे ही कमाल शिक्षा होती ती किमान झाली. ड्रम फिरवताना या माणसाला आपण हे अंतर ओलांडतो आहोत याची कल्पना तरी असेल का? झाडाविषयीच्या वादात वाढलेल्या मुलाला ती असण्याचे कारण नाही, कारण त्याला कुणी पाला, शेंडा आणि राळ यांतला फरक सांगितलेलाच नाही.

आणखी दोन कलमे इथे लागू पडतात. कलम १० राज्य सरकारांना गांजाच्या लागवडीपासून विक्रीपर्यंत नियमन करण्याचा अधिकार देते, पण त्यातून चरस स्पष्टपणे वगळते; म्हणजे शेंड्यांबाबत सरकारला दार उघडता येते, राळेबाबत तेही नाही. आणि कलम ५४ म्हणते की अमली पदार्थ तयार करण्यासाठी खास बनवलेले उपकरण किंवा प्रक्रियेनंतर उरलेला अवशेषही कुणाच्या ताब्यात सापडला आणि त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण देता आले नाही, तर उलट सिद्ध होईपर्यंत गुन्हा झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. गिरणीतली चाळणी निर्दोष आहे. जाळीत राळ अडकलेला ड्रम निर्दोष राहत नाही.

३. शरीराला झाडाचे नाव कळत नाही

कायद्याने रेघ आखली म्हणून ती बरोबर, असे मी म्हणत नाही. कायदे चुकतात. म्हणून ही रेघ शरीराच्या कसोटीवर लावून पाहू.

दिल्लीच्या एम्सने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार, १० ते ७५ वयाच्या भारतीयांपैकी २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी आधीच्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. त्यात भांग घेणारे अधिक होते. पण ज्यांचा वापर घातक किंवा परावलंबी झाला आहे अशांचे प्रमाण मात्र गांजा आणि चरस घेणाऱ्यांत जास्त निघाले. एकाच झाडाचे हे पदार्थ. पण सौम्य पाला घेणारा आणि तीव्र माल घेणारा यांचे भविष्य सारखे नाही.

त्याच वर्षी ‘लॅन्सेट सायकायट्री’त मार्ता दि फोर्ती आणि सहकाऱ्यांचा युरोप व ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांचा अभ्यास आला. टीएचसी १० टक्के किंवा अधिक असलेला माल रोज घेणाऱ्यांत मनोविकाराची, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याची शक्यता कधीच न घेतलेल्यांच्या तुलनेत जवळजवळ पाचपट दिसली. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, हे मान्य. तरी या दहा टक्क्यांच्या सीमेजवळ कीफ ठेवून पाहा. चाळून साचलेली राळेची भुकटी ही सीमा सहज ओलांडते. चाळण्याचा हेतूच तो आहे.

महाराष्ट्राला हा धडा एकदा मिळालेला आहे. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरली. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. गर्द म्हणजे अफूवर प्रक्रिया करून तीव्र केलेला माल. अफू त्याआधीही या देशात होती. घराघरांत तान्ह्या मुलांना तिचे बोट लावत आणि म्हातारे तिची गोळी घेत. ते चांगले होते असे माझे म्हणणे नाही. पण रस्त्यावर तरुण पोरे महिन्याभरात खंगू लागली ती अफूचे झाड आल्यामुळे नव्हे, तर तिचे सार आल्यामुळे. अफूच्याच झाडाची बी, खसखस, आजही प्रत्येक घरात आहे. तिच्यावर आपण अनारसे थापतो आणि कुणाच्या मनात पापाची शंकाही येत नाही. तिथे आपल्याला बी, चीक आणि गर्द यांतला फरक लख्ख कळतो. गांजापाशी आल्यावरच आपण तो का विसरतो?

४. आक्षेप, आणि त्यांतले खरे किती

पहिला आक्षेप नैसर्गिकतेचा. चाळण्याने काही नवे निर्माण होत नाही, म्हणून ते निर्धोक, असे म्हणणारे ‘नवे’ आणि ‘जास्त’ यांत गल्लत करतात. मात्रा बदलली की पदार्थाचा स्वभाव बदलतो, हे कुठल्याही वैद्याला विचारावे. शिवाय बिनरसायनाच्या मालात एक खास धोका आहे: तो स्वच्छ वाटतो, म्हणून घेणारा हात सैल सोडतो.

दुसरा आक्षेप परंपरेचा, आणि तो मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. महाशिवरात्रीची भांग, साधूंची चिलीम, हे आपल्या जगण्याचा भाग होते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण परंपरेचा दाखला देणाऱ्याने ती नीट पाहावी. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या आणि १८९४ मध्ये अहवाल दिलेल्या भारतीय हेम्प ड्रग्ज आयोगाने सुमारे बाराशे साक्षी घेतल्या. माफक वापराने फारसे नुकसान होत नाही आणि सरसकट बंदी नको, असा त्याचा निष्कर्ष होता; गांजाचे समर्थक तो आनंदाने उद्धृत करतात. पण त्याच आयोगाने भांग, गांजा आणि चरस हे तीन पदार्थ म्हणून वेगवेगळे तपासले, कारण लोकच ते वेगळे मानत होते. मुंबई इलाख्यात लागवड होई ती गांजाची, आणि नगर जिल्हा त्यासाठी ओळखला जाई. चरस हा उत्तरेचा माल. तो यारकंदहून काराकोरम ओलांडून लेहमार्गे पंजाबात येई. दख्खनच्या रिवाजात राळ वेगळी काढण्याला फारसे स्थान नव्हते. म्हणजे परंपरेच्या नावाने कीफचे समर्थन करणारा प्रत्यक्षात परंपरेने घातलेली मर्यादाच ओलांडत असतो.

तिसरा आक्षेप जगाचा: तिकडे सगळे खुले झाले, आपणच मागे. खुले झाले हे खरे. भारतानेही डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजा आणि त्याची राळ सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने मत दिले. ठराव २७ विरुद्ध २५ असा निसटता मंजूर झाला. पण खुले करणाऱ्यांनी सगळे एका मापाने खुले केले का? कॅनडाने २०१८ मध्ये प्रौढांना सार्वजनिक जागी ३० ग्रॅम सुका गांजा बाळगायला परवानगी दिली, आणि त्याच कायद्यात १ ग्रॅम सुक्या गांजाची बरोबरी तीव्र अर्काच्या पाव ग्रॅमशी केली. थायलंडने जून २०२२ मध्ये झाड यादीतून काढले, पण ०.२ टक्क्यांहून अधिक टीएचसी असलेला अर्क अमली पदार्थांच्या यादीतच ठेवला. पुढे २०२५ मध्ये फुलोऱ्यालाही डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. ज्यांनी दार उघडले त्यांनीही तीव्रतेसाठी वेगळी मोजपट्टी ठेवली. जगाचे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. ते त्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

चौथा आक्षेप सर्वांत टोकदार. बंदीमुळेच तीव्र माल वाढतो, असे अनेक अभ्यासक म्हणतात. लपवायला सोपे, वाहायला हलके, कमी जागेत जास्त पैसा, म्हणून विकणारा राळेकडे वळतो. यात तथ्य आहे, आणि जे सरसकट ‘उपटा’ म्हणतात त्यांनी ते पचवले पाहिजे. पण यातून काय निघते? बंदी उठवून सगळे एकसारखे करा, हे निघत नाही. उलट असे निघते की पाला आणि राळ यांतले अंतर कायद्याने आणि समाजाने वाढवले पाहिजे. सौम्य वस्तूसाठी सौम्य, तीव्र वस्तूसाठी तीव्र. दोघांना एकाच काठीने हाणले तर लोकांना सौम्यावर थांबण्याचे काही कारणच उरत नाही.

५. वजनाचा तराजू अपुरा आहे

इथे मी कायद्याच्या बाजूने उभा नाही. रेघ बरोबर जागी आखली, पण मोजायचे माप चुकीचे निवडले, असे माझे स्पष्ट मत आहे. शिक्षा वजनावर ठरते. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी एप्रिल २०२० मध्ये हिरा सिंह खटल्यात सांगितले की भेसळीच्या मालात नशा नसलेल्या भेसळीचे वजनही धरायचे. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. बाजारात माल भेसळ करूनच विकला जातो. पण परिणाम असा की, १२०० ग्रॅम पातळ, भेसळीच्या चरसाला किमान दहा वर्षे आणि ९०० ग्रॅम कसदार राळेला त्याहून हलकी पायरी. न्यायाचा तराजू माल किती जड हे सांगतो, किती घातक हे सांगत नाही.

आणि हे मोजता येत नाही असेही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली, तेव्हा बियांत टीएचसी किलोमागे ५ मिलिग्रॅम आणि बियांच्या तेलात १० मिलिग्रॅमहून जास्त नको अशी अट घातली. त्याच झाडाची बी दुकानात ठेवायची तर सरकार मिलिग्रॅम मोजते. माणसाचे दहा वर्षांचे आयुष्य ठरवायचे तर किलोचा काटा पुरेसा मानते. ही विसंगती मला अस्वस्थ करते. प्रयोगशाळेच्या अहवालात टीएचसीची टक्केवारी सक्तीची करावी, आणि शिक्षेच्या पायऱ्या वजन व तीव्रता या दोन्हींवर बेताव्यात, ही मागणी ‘उपटा’ म्हणणाऱ्यांनी आणि ‘सोडा’ म्हणणाऱ्यांनी मिळून करता येईल अशी आहे. दारूच्या बाटलीवर टक्केवारी असते, हे कुणालाच जाचक वाटत नाही.

६. मावळात याचा अर्थ काय

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या एमआयडीसीत मेफेड्रोनचा शेकडो किलोंचा साठा पकडला, तेव्हापासून जिल्ह्याचे लक्ष रासायनिक कारखान्यांकडे लागले. ते योग्यच. पण त्या बातम्यांनी एक चुकीचा धडाही शिकवला: अमली पदार्थ तयार करायला रसायने, रिअॅक्टर आणि मोठे भांडवल लागते. चाळायला यातले काही लागत नाही. ते बंद खोलीत, वासाशिवाय बाकी काही खूण न ठेवता होऊ शकते.

म्हणून मावळात खरी जबाबदारी पडते ती जागा देणाऱ्यांवर. पवनेच्या काठचे तंबू, लोणावळ्याचे भाड्याचे बंगले, कामशेत-वडगावच्या वाटेवरची फार्महाऊस, तळेगावातल्या कामगारांच्या खोल्या. एनडीपीएसचे कलम २५ सांगते की जागेचा मालक किंवा ताबा असणारा जाणूनबुजून तिथे गुन्हा होऊ देत असेल तर त्या गुन्ह्याचीच शिक्षा त्यालाही लागू होते. शनिवार-रविवारी बंगला भाड्याने देणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? ‘पाहुणे काय करतात ते आपण बघत नाही’ हे वाक्य मावळात सर्रास ऐकू येते. माहीत असून डोळेझाक केली असे दिसले, तर तेच वाक्य त्याच्या विरोधात जाते. ग्रामपंचायतींनी आणि बंगलेवाल्यांच्या संघटनांनी हे कलम मराठीत छापून भाडेकरारासोबत द्यावे; खर्च कागदाचा तेवढा.

शाळा-कॉलेजांत आज जे सांगितले जाते ते झाडाला शिव्या देण्यापुरते असते. मुलगा बाहेर येतो, मोबाइलवर वाचतो की हे औषधही आहे, जगात कायदेशीर आहे, आणि शिक्षकाचे सगळेच बोलणे खोटे मानतो. त्यापेक्षा त्याला खरे सांगा: पाला म्हणजे काय, शेंडा म्हणजे काय, राळ म्हणजे काय, तीव्रता वाढली की मेंदूवर काय होते, विशेषतः पंचविशीच्या आतल्या, अजून घडत असलेल्या मेंदूवर, आणि चाळणीने वजन घटले तरी शिक्षा का वाढते. खरे सांगितलेला मुलगा निदान विचार तरी करतो.

आणि ज्या घरात मुलगा आधीच अडकला आहे, त्यांच्यासाठी कलम ६४-अ आहे. लहान प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात आरोपी असलेला व्यसनी माणूस सरकारमान्य केंद्रात स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पूर्ण केले, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. पुण्यात मुक्तांगणसारखी संस्था मावळपासून तासा-दीड तासावर आहे. वकील गाठण्याआधी आईवडिलांनी हे कलम वाचावे. ते १०० ग्रॅमपर्यंतच्या चरसाला लागू पडते. चाळून त्याहून मोठा साठा केलेल्या मुलाला ही सवलत मिळत नाही.